आधी अप्पा, मग नेटवर्क

जे शेवटी बांधलं ते आधी सोडवायचं, एवढं कळलं की मोडायचं काम निम्मं झालं, असं ऑफिसातल्या ताई म्हणायच्या. म्हणूनच क्लाउडवरचा जुना प्रकल्प काढून टाकायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्यांची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला क्रमानं लिहून दिलेली कामं, आधी सर्व्हर काढायची, मग डेटाबेस, आणि ज्याच्यावर सगळं उभं ते नेटवर्क सगळ्यात शेवटी. बिऱ्हाड हलल्याशिवाय कुणी भिंती पाडत नाही, तसं.

आज भिंती पडेनात. नेटवर्क अडून बसलं: आत अजून कुणीतरी आहे.

ताईंनी धुंडाळलं. कोपऱ्यात एक चिमुकला सर्व्हर निघाला, स्क्रिप्टला न विचारता कुणीतरी हातानं बनवलेला. नाव, 'अप्पा'.

शेजारच्या खुर्चीतला लंबू एकदम वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

"तुझ्या बुटांना नाड्या नाहीत रे."

लंबू वर आला. "अप्पा म्हणजे माझे वडील. एकटे असतात, विसरतात. हा रोज दुपारी त्यांना फोन लावतो आणि माझ्या आवाजात विचारतो, गॅस बंद केला का. मी नेमका मीटिंगमध्ये असतो. काढू नका ना, ताई."

"आधी नव्या जागी नेऊ, मग इथून काढू. पण घर हलवताना माळा बघावा लागतो. यात साठलंय काय एवढं?"

"अप्पांची रेकॉर्ड झालेली उत्तरं असतील. मी फक्त फोन उचलला का, तेवढंच बघतो."

ताईंनी एक लावलं.

"हो रे, केला बंद. तू जेवलास का?" मग शांतता. "हॅलो?"

दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात अप्पा हसले. "बरं बाबा, कामात असशील."

लंबूचे कान लाल झाले. ताईंनी पुढचं लावलं नाही.

"याचा आजचा फोन थांबवते. तू लाव. मीटिंग मी बघते."

तो जिन्यात गेला. साहेब डोकावले. "अजून अडलंय? ओढून काढा की!"

"ओढलं तर तुटेल, साहेब."

लंबू परतला.

"काय म्हणाले?"

"मशीनला 'हो, केला' म्हणायचे. मला म्हणाले, थांब हां, बघून येतो." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "चालू होता, ताई."

"अगं बाई! मग?"

"बंद करून आले. जेवलास का विचारलं. नाही म्हटल्यावर जे झापलंय..."

"मग याला नवी जागा बघू ना?"

"नको. रोज मीच लावीन."

ताईंनी आधी 'अप्पा' काढला. मग नेटवर्क हूं की चूं न करता गेलं.

"आता बघत काय बसलास? जेवून ये."