पहिला टोला कुणी द्यायचा

बुकित पंजांगच्या त्या फ्लॅटची खिडकी चौथ्या मजल्यावर होती आणि सुलभाताई दुपारभर तिथं बसलेल्या असत. समोरून एलआरटी जायची. दोन डब्यांची ती चिमुकली गाडी इमारतीला अगदी खेटून वळते, आणि लोकांच्या घरात कुणी डोकावू नये म्हणून नेमकी तिथंच तिच्या काचा आपोआप पांढुरक्या होतात. लांबून येताना माणसं दिसत. कुणी डुलक्या काढतंय, कुणी पिशवी सावरतंय. जरा जवळ आली, चेहरा ओळखीचा वाटायला लागला, की पुसली जायची.

निशिकांतबुवांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. एकतीस वर्षं बुवा कीर्तनाला उभे राहिले आणि एकतीस वर्षं सुलभाताई त्यांच्या मागं पेटीवर बसल्या. आख्यान रंगात आलं, की बुवा कुठं वळतील हे बुवांनाही ठाऊक नसायचं. पण पद सुरू करण्याआधी त्यांचा उजवा खांदा किंचित वर जायचा. तो खांदा गेला, की सुलभाताईंचा सूर तयार. लोक म्हणायचे, वहिनींना आधीच कळतं. त्यांना काही कळत नव्हतं, त्या फक्त खांद्याकडं बघत. संसारातही तसंच चाललं. कुठं जायचं, कधी निघायचं, काय बोलायचं. बुवा सुरू करत, ताई उचलून घेत.

आता मुलगा प्रसन्न त्यांना इथं परदेशात घेऊन आला होता. सून योगिनी गुणाची होती. नात आर्या अकरा वर्षांची. आजीचं मराठी तिला सगळं समजे, उत्तर मात्र इंग्रजीत. कुणाचं काही चुकत नव्हतं. सकाळी साडेआठला दार बंद व्हायचं आणि संध्याकाळी सातला उघडायचं. रविवारी आर्याचे क्लास, त्यामुळं रविवारीही तेच. पेटी पुण्यातच राहिली होती. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको, असं प्रसन्न म्हणाला होता आणि ताईंनी मान डोलावली होती.

एका रविवारी चालत चालत त्या कम्युनिटी क्लबपर्यंत गेल्या. हॉलमधून टक टक टक असा आवाज येत होता. सहा ठोके, पुन्हा सहा. कुणीतरी दादरा वाजवतंय असं वाटून त्या दाराशी थबकल्या. आत माणसं समोरासमोर उभी राहून वेताच्या काठ्या एकमेकांच्या काठ्यांवर मारत होती. शिकवणारी बाई मारिटेस, पन्नाशीची, फिलिपिन्सची. आठवडाभर दवाखान्यात नर्स आणि रविवारी सकाळी ही.

"आंटी, बघून येत नाही हे," ती साध्या इंग्रजीत म्हणाली आणि दोन काठ्या त्यांच्या हातात दिल्या. "आत या."

घरी सांगितलं तेव्हा प्रसन्नच्या हातातला घास तसाच राहिला. "आई, काठ्यांची मारामारी? आणि तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना कोण विचारतंय? हाताचं काम आहे."

"आजी, यू सीरियस आह?" आर्या इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली. "आजी निंजा, लाह."

पहिल्या दिवशी कळलं ते एवढंच, की काठी घट्ट धरायची नसते. खालून मूठभर जागा सोडून धरायची आणि मनगट मोकळं ठेवायचं. माणसाला मारायचं नाही, समोरच्या काठीला मारायचं. डोळे काठीवर नाही, माणसावर. दुसऱ्या दिवशी दंड असे दुखले, की वेणी घालवेना. अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला. दोनदा बोटाच्या पेरावर टोला बसला, तेव्हा त्यांनी "अगं आई गं" म्हणून मारिटेसकडं पाहिलं. ती म्हणाली, "सगळ्यांना बसतो. पुढच्या महिन्यात कमी बसेल." वेतावर वेत जोरात बसला, की जळल्यासारखा वास येतो, हेही त्यांना नवीन होतं.

त्या पहिल्याच दिवशी त्यांची काठी हातातून सुटली आणि थांबवायला म्हणून पाय पुढं गेला. पाय काठीला लागला. ताईंनी वाकून काठी उचलली, कपाळाला लावली, मनात क्षमा मागितली आणि पुन्हा उभ्या राहिल्या. पाहतात तो पलीकडच्या दोन मुलींनीही आपापल्या काठ्या कपाळाला लावल्या होत्या. त्यांना वाटलं, व्यायामाचाच भाग. ताई शरमल्या आणि खुलासा करायला गेल्या. मारिटेसनं हात वर केला. "राहू दे आंटी, चांगलं आहे." पुढच्या रविवारी कुणाचीही काठी पडली, की कपाळाला लागू लागली.

चार रविवारांचा वर्ग नवशिक्यांचा. चौथ्या रविवारी जोडीनं दोन्ही हातांची वीण न थांबता वीस वेळा करायची. उजवी, डावी, उजवी. मग डावी, उजवी, डावी. गोफ विणावा तशी. जमलं तर पुढच्या वर्गात, नाही तर पुढची तुकडी सहा महिन्यांनी. तोवर आपण पुन्हा खिडकीत असणार, हे ताईंना माहीत होतं. आठवड्यातला हा एकच दिवस असा होता, की कुणीतरी त्यांच्या डोळ्यांत बघत असे.

दोन रविवार मारिटेस स्वतःच त्यांची जोडीदार झाली, कारण माणसं विषम होती. तिसऱ्या रविवारी एक जण गळाला, तेव्हा तिनं त्याच्या जोडीदाराला, मिस्टर कोह नावाच्या म्हाताऱ्याला, त्यांच्यासमोर उभं केलं. सेम्बावांगच्या शिपयार्डात जन्मभर वेल्डिंग केलेला, उंच आणि वाकलेला. तिथल्या आवाजानं दोन्ही कान गेलेले. बायको इथल्याच एका नर्सिंग होममध्ये, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत, होती. भेटीची वेळ बारानंतर, आणि घरात बसून बारा वाजत नाहीत म्हणून हा इथं यायचा.

मारिटेस आकडे मोजायची. कोहना ते ऐकू येत नसत. ते समोरच्याकडं बघत आणि तो हलला, की हलत. सुलभाताईही समोरच्याकडं बघत आणि तो हलला, की हलत.

झालं असं, की दोघं चार काठ्या वर धरून उभे राहिले आणि उभेच राहिले. बाजूच्या जोड्यांची टक टक चालू, इथं नुसतं बघणं. मुली हसायला लागल्या. शेवटी दोघांनी एकदमच हात चालवला आणि कोहचा टोला ताईंच्या पेरावर बसला.

"सॉरी, सॉरी. तुम्ही सुरू करा, लाह," कोह म्हणाले.

"नाही नाही, तुम्ही," ताईंनी काठीनं खूण केली.

"मी कसा करू? मला ऐकूच येत नाही."

तो रविवार तसाच गेला. आठवडाभर ताई खिडकीत बसून मांडीवर बोटांनी सहा मात्रा मोजत राहिल्या. मोजणं येत होतंच. सुरुवात येत नव्हती. एकतीस वर्षांत पहिला सूर त्यांनी कधी लावलाच नव्हता, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना बुवांचा थोडा राग आला. एकदा तरी मागं वळून म्हणायचं होतंत, आज तू घे.

चौथ्या रविवारी त्यांची पाळी शेवटची होती. काठ्या वर गेल्या. कोहचे पाणावलेले, वाट बघणारे डोळे त्यांच्यावर लागलेले होते, आणि ताईंना एकाएकी जाणवलं, की आपण बुवांकडं असंच बघत असणार. ही नजर पाठीवर घेऊन बुवा उभे राहत, रोज.

त्यांनी श्वास घेतला आणि उजवा खांदा किंचित वर गेला.

कोहच्या भुवया हलल्या. काठी काठीवर अचूक बसली.

एक झालं, दोन झालं. आठव्याला डावी काठी घसरली; ताईंनी खांदा उचलला, कोहनी उचलून घेतलं, आणि वीण तुटली नाही. चौदाव्याला दंड जळत होते. विसाव्याला मारिटेस "बस" म्हणाली तरी दोघं थांबेनात. कोहना ऐकू आलं नव्हतं, आणि ताईंना थांबायचं नव्हतं.

"पुढच्या वर्गात," मारिटेस म्हणाली. "दोघंही. आंटी, सुरुवात तुमचीच राहील."

दमल्या होत्या, म्हणून त्या दिवशी त्या चालत गेल्या नाहीत. कोहबरोबर एलआरटीत बसल्या. कोहना नर्सिंग होमला पुढं जायचं होतं.

"बायकोला सांगू का तुमच्याबद्दल?" कोहनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "ती ओळखत नाही मला. पण सांगतो मी."

ताईंनी मान डोलावली. मग लक्षात आलं, की नुसती मान डोलवून भागणार नाही. त्या मोठ्यानं, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "सांगा. माझा नमस्कार सांगा."

गाडी वळली. ताईंच्याच इमारतीजवळ आली आणि काचा पांढुरक्या झाल्या. काचेपलीकडं कुठंतरी चौथा मजला होता, ती खिडकी होती, आणि तिथं आज कुणीही बसलेलं नव्हतं.