चौथा डाग

फुलवंताच्या हाताला गुण आहे, हे नवेगाव बांधच्या आसपासच्या चार टोल्यांना, म्हणजे वाड्यांना, ठाऊक होतं. कुणाला ताप असो, कुणाचं पोट फुगलेलं असो, फुलवंता बिब्बा तापवायची, सुईनं टोचून त्याचं तेल काढायची आणि पोटावर डाग द्यायची. बिब्ब्याचं तेल काय चीज आहे, ते ज्याला लागलं त्यालाच विचारा. कातडी जळते, फोड येतो, आठ दिवस माणूस अंगाला कपडा टेकू देत नाही. त्या आगीपुढे बहुतेकांना मूळ आजार आठवतच नसे, आणि त्यालाच लोक गुण म्हणत.

तिचा एकच नियम होता, सासूनं घालून दिलेला. डाग तीन द्यायचे, नाहीतर पाच. जोडीचा आकडा नाही म्हणजे नाही. चार डाग मेलेल्या ढोरालाही देऊ नयेत, असं सासू म्हणे. मेलेल्या ढोराला डाग कोण कशाला देईल, हे फुलवंतानं कधी विचारलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी तिच्याच नवऱ्याला, बिसरामला, ताप भरला. बिसराम वनमजूर. एक ऑक्टोबरला जंगलाची फाटकं पर्यटकांसाठी उघडतात, त्याआधी गाडीरस्त्याच्या कडेचं गवत कापावं लागतं, म्हणजे पाहुण्यांना वाघ नाही तर निदान वाघ नाही हे तरी नीट दिसावं. वीस दिवस तो कमरेएवढ्या गवतात होता. तीस वर्षांत त्याला अस्वलानं दोनदा पळवलं होतं, पण तापानं आडवा कधी केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी फुलवंतानं त्याच्या बेंबीच्या वर ओळीनं तीन डाग दिले. बिसराम ओरडला. ताप काही उतरला नाही. पाचव्या दिवशी मुलगा हेमराज कुडव्याहून मोटरसायकल घेऊन आला. बापाला मधे बसवून तिघं सरकारी दवाखान्यात निघाले, पण त्याआधी त्यानं आईला दम भरला.

"तथी बिब्ब्याचं नाव काढू नको. ते डॉक्टरीणबाई भरल्या दवाखान्यात झाडते लोकायले."

हे खोटं नव्हतं. डॉक्टर भूमिका बिसेन यांचं वय अठ्ठावीस आणि आवाज बस स्टँडवरच्या कंडक्टरचा. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली होती: 'डाग देऊन आणलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी उत्तर तयार ठेवावे.'

फुलवंताकडे उत्तर नव्हतं. म्हणून ती खाटेच्या काठावर बसली आणि बिसरामच्या सदऱ्याचं टोक तळहाताखाली दाबून धरलं. दोन दिवस तो हात हलला नाही.

मलेरिया तपासला, नव्हता. डेंग्यू तपासला, नव्हता. डॉक्टरांनी बिसरामचे हात पाहिले, काखा पाहिल्या, मान पाहिली. "अंगावर कुठं काळी खपली आहे का, मावशी?"

"नाई वो बाई," फुलवंता म्हणाली. पोट तपासायची वेळ आली तेव्हा लेकीच्या वयाच्या डॉक्टरणीसमोर बिसराम स्वतःच लाजला आणि त्यानंही सदरा धरला. बाहेर साठ माणसांची रांग होती. डॉक्टरांनी वरूनच पोट दाबलं आणि त्या पुढे गेल्या.

सातव्या दिवशी सकाळी बिसरामला धाप लागली. डोळे पिवळे झाले. त्यानं हेमराजला त्यांच्या मेलेल्या बैलाच्या नावानं हाक मारली. हेमराजनं ओ दिली, दुसरं करणार काय? डॉक्टरांनी गोंदियाची चिठ्ठी लिहिली, गाडी बोलावली. चाळीस वर्षांचा संसार, आणि हा बाप्पा आता बैलाला भेटायला निघाला, असं फुलवंताला वाटलं आणि ती स्ट्रेचरला वाट द्यायला उभी राहिली.

उभी राहिली म्हणून हात सुटला. बिसरामला स्ट्रेचरवर घेताना सदरा वर सरकला.

"मावशी!" कंडक्टरचा आवाज लागला. "माणूस तापानं मरतोय आणि तुम्ही त्याला चार चटके दिले?"

रांग वळून बघायला लागली. फुलवंतानं सगळं ऐकून घेतलं असतं. अडाणी म्हणा, राक्षसीण म्हणा. पण चार?

"चार नाई," ती म्हणाली. "तीन. म्या जिंदगीत कोनाले चार देल्ले नाईत."

"मग हे काय? एक, दोन, तीन आणि हा चौथा!"

चौथा ओळीत नव्हता. तो खाली होता, डाव्या कमरेवर, करदोड्याच्या काळ्या दोऱ्याखाली अर्धा लपलेला. फुलवंता वाकली. एवढ्या गोंधळातही तिनं तो कारागिराच्या नजरेनं पाहिला.

"हा माहा नाई." तिनं आपल्या एका डागावर बोट टेकवलं. बिसरामनं ग्लानीतही तिच्या माहेराचा उद्धार केला. मग तिनं चौथ्यावर बोट दाबलं. बिसराम गप्प. "पाहा. बिब्बा असा चूप राहत नाई."

डॉक्टरांनी टॉर्च धरला. बिडीनं जाळल्यासारखी गोल काळी खपली, भोवती लाल कडं. जांघेत चाचपलं तर सुजलेली गाठ. मग त्यांनी ओरडून नर्सकडून कॅप्सूल मागवली आणि गाडी यायच्या आत बिसरामला स्वतः गिळायला लावली.

"गवतात मोहरीहून बारीक किडा असतो," त्या म्हणाल्या. "कपडा, दोरा जिथं घट्ट बसतो तिथं जाऊन चावतो. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. त्याच्या लाळेतून जंतू आत जातो. जांघेतली गाठ सुजली, म्हणजे शरीरानं त्याला तिथं अडवून पाहिलं. ताप आला तोही शरीरानंच पेटवला, जंतूला सोसू नये म्हणून. पण हा जंतू रक्तात उघड्यावर थांबत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या कातडीत शिरतो आणि तिथंच वाढतो. मग वाहिन्या पाझरतात, फुप्फुसात पाणी येतं. औषध साधं आहे हो, पण वेळेवर लागतं." त्या थांबल्या. "दोन दिवस आधी का नाही दाखवलंत?"

फुलवंतानं भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

गोंदियात बिसरामचा ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला. चौथ्या दिवशी त्यानं हेमराजला हेमराज म्हटलं. घरी आल्यावर खाटेवर पडून तो पोट चाचपत म्हणाला, "जो जीव घेऊन रायला होता तो दुखलाच नाई. अन् तुहे तीन अजून आग मारून रायले." फुलवंताला हसू फुटलं, आणि त्यातच रडू.

आठवड्यानं ती त्याला दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली. पाटीच्या जागी नुसता खिळा होता. रांगेत पलीकडच्या टोल्यावरची शामकला आपल्या तापलेल्या सुनेला घेऊन बसली होती. सुनेच्या पोटावरच्या पदरावर तिनं तळहात दाबून धरला होता. फुलवंतानं तो हात ओळखला.

"किती देल्ले?"

शामकलानं इकडंतिकडं पाहिलं. "पाच. तू नव्हती, म्हून म्याच देल्ले."

"हात काढ."

"बाई झाडन ना वो."

"झाडू दे. म्या दोन दिवस असाच हात दाबून धरला होता. माहा मानूस त्या हाताखाली मरून रायला होता."

शामकलानं हात काढला. दोघींनी वाकून मोजले, परकराच्या नाडीखालीही पाहिलं. पाचच होते, न दुखणारा सहावा कुठं नव्हता, म्हणून सुनेला आधी मलेरियाच्या तपासणीला नेऊन बसवलं.