फोटोच्या पाठीवरचं नाव

आश्रुबाच्या घरात भिंतीवर दोनच तसबिरी होत्या. एक बाबासाहेबांची आणि दुसरी विलायतेतल्या एका खेड्याची. पहिली वस्तीतल्या घराघरात होती. दुसरी मात्र उभ्या परभणी जिल्ह्यात कुणाकडे नाही, असं त्याची बायको सरजाबाई छातीठोकपणे सांगायची आणि ते खोडून काढायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पालमपासून दोन कोसांवरच्या बोरथडीत विलायतेचा फोटो दुसऱ्या कुणाकडे असणार तरी कशाला?

फोटो वीतभरच होता. मागे दगडी घरांची ओळ, मधोमध हातपंप, टोप्या घातलेले सात-आठ गोरे, एक खेचर आणि हातात किटली धरलेली एक म्हातारी. तिच्या शेजारी ढगळ कोट आणि डोक्याला पटका अशा थाटात उभा असलेला काळासावळा पोरगा म्हणजे आश्रुबा. त्याच्या हातात चक्क कपबशी होती.

एकोणचाळीस साली तो निजामाच्या मुलखातून पळून नगरला गेला आणि खेचरांच्या पलटणीत भरती झाला. पलटण फ्रान्सात उतरली, जर्मनांनी तिथून हुसकावली, आणि शेवटी विलायतेतल्या एका डोंगरी खेड्यात येऊन पडली. पहिल्याच दिवशी याला पाणी आणायला पाठवलं. हा गेला आणि पंपापासून दहा हात लांब बादली ठेवून उभा राहिला. कुणीतरी येईल, दांडा मारील, आपल्या बादलीत वरून ओतील, म्हणून वाट बघत राहिला. जन्मभर तेच केलेलं. वरून पाऊस लागलेला, थंडीनं दात वाजायला लागलेले, आणि हा उभाच. गोऱ्यांना वाटलं, बिचाऱ्याला पंप चालवता येत नाही. शेवटी ती म्हातारी घरातून आली, तिनं त्याचं मनगट धरलं, हात दांड्यावर ठेवला आणि कसा दाबायचा ते दाखवलं. "बाई माझ्या हाताला लागली," हे वाक्य आश्रुबा दर वेळी आवाज खाली आणून सांगायचा. तिचं नाव त्यानं मेरीमाय ठेवलं होतं. पुढं हिवाळ्यात पंप गोठला तेव्हा त्यानं लांबच्या झऱ्यावरून खेचरावर पाणी आणून त्या गावाला घरोघर पोचवलं होतं.

वस्तीतले लोक त्याची टर उडवायचे. पार कंटाळले होते त्या मेरीमायला. सरजाबाईचा मात्र शब्दन् शब्दावर विश्वास होता. कोणत्या घरात पाववाला राहायचा, कुणाची म्हैस, म्हणजे गाय, आटली होती, सगळं तिला तोंडपाठ होतं. नवरा लढाईवर असताना पाच वर्षं तिनं वाट बघितली होती. तो मेला म्हणून लोकांनी तिला दुसरं घर करायला सांगितलं, तेव्हा ती भांडली होती. मग तो परत आला तो हा फोटो घेऊन. तिच्या दृष्टीनं पाच वर्षांचं उत्तर त्या चौकटीत होतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला आणि बोरथडी सुकून गेली. लोक दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि संध्याकाळी पाणी शोधत फिरायचे. दोन दिवसांआड टँकर यायचा आणि गावच्या आडात पाणी सोडायचा. वस्तीच्या बाया आडापासून लांब घागरी मांडून बसायच्या आणि वरच्या जातीतलं कुणीतरी दया आली की ओतायचं. चैत्र सरला तसं तेही बंद झालं. आधी गावाचं भागू द्या, असा हुकूम निघाला. सरकारी पैशानं आलेलं सरकारी पाणी, पण हुकूम सरपंच किसनराव पाटलांचा. वस्ती नदीतल्या झिऱ्याचं गढूळ पाणी प्यायला लागली, आणि आठ दिवसांत सरजाबाईला हगवण-उलट्या सुरू झाल्या.

पालमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं औषधाची बाटली दिली आणि बजावून सांगितलं, "चांगलं पाणी उकळून, मीठ-साखर घालून पाजत राहा. झिऱ्याचं पाजलंत तर बाई हातची गेली म्हणून समजा." घरात मीठ होतं. साखर शेजारून आणली. पाणी नव्हतं. सरजाबाईची जीभ टाळूला चिकटायला लागली, बोटं थंड पडायला लागली, तेव्हा आश्रुबानं एका हातात घागर घेतली, दुसऱ्या हातानं भिंतीवरचा फोटो काढला आणि तो आडाकडे निघाला. सोबत वस्तीतलेच पंडित गुरुजी निघाले. शाळेत मास्तर होते, कायदा जाणत होते.

आडाशेजारच्या लिंबाखाली बाज टाकून किसनराव बसले होते. ते आणि आश्रुबा एका वयाचे. लहानपणी आश्रुबा त्यांची गुरं राखायचा.

"पाटील, घागरभर पानी पायजे. सरजा जायली बघा."

"गावाचंच भागंना, तुला कुठून देऊ?"

"देऊ नगा. मला काढू द्या. मी माझ्या हातानं काढतो."

आडावरच्या बायांनी पोहरे अर्ध्यातच थांबवले. आश्रुबानं फोटो बाजेच्या कडेला ठेवला. "हे बघा. गोऱ्या सायबाच्या गावात मी माझ्या हातानं पानी काढलंय. साऱ्या गावाला पाजलंय. त्येंचं काय बिघडलं?"

किसनरावांनी हात न लावता फोटो बघितला. "असे फोटू जत्रंत बी मिळतेत. ह्यो तूच कशावरून? काई सबूत?"

पंडित गुरुजींना राग आला. चांगल्या माणसाला राग आला की घोळ होतो. "असल्या फोटोच्या मागं लिहिलेलं असतं, बघूया," असं म्हणत त्यांनी चौकट उलटी केली आणि चाकूच्या टोकानं खिळे काढायला सुरुवात केली.

तेव्हा आश्रुबाला आठवलं. निघायच्या दिवशी मेरीमायनं फोटो उलटा करून टेबलावर ठेवला होता, त्याला नाव विचारलं होतं, आणि तो सांगेल तसं एकेक अक्षर जुळवत लिहिलं होतं. तीस वर्षं ते पुठ्ठ्याखाली दडून राहिलं होतं. "ऱ्हाऊ द्या, गुरुजी," तो म्हणाला. पण पुठ्ठा निघाला होता.

गुरुजींनी इंग्रजी वाचलं आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं, "आमच्या गावाचा मित्र. पंप गोठला त्या हिवाळ्यात यानं आमच्या घराघरात पाणी पोचवलं. आम्ही याला विसरणार नाही." आणि ते थांबले.

"नाव न्हाई का लिव्हलं?" किसनराव म्हणाले. "वाचा की."

गुरुजींना खोटं बोलायची सवय नव्हती. त्या दिवशी असती तर बरं झालं असतं. "किसनराव पाटील," त्यांनी वाचलं. "बोरथडी, निजाम स्टेट."

नगरच्या भरतीवाल्या बाबूनं पहिल्या दिवशी त्याला जात विचारून हाकलून दिलं होतं. महारांना तेव्हा भरती बंद होती. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या रांगेत उभा राहिला आणि तोंडाला आलेलं सगळ्यात मोठं नाव त्यानं सांगून टाकलं. पलटणीतले हिंदू एका नळावर पाणी भरायचे, एका भांड्यातलं खायचे. नाव उघडं पडलं असतं तर त्यांनीच त्याची हाडं मोडली असती. म्हणून विलायतेतही तो किसनरावच राहिला. फक्त पंपापाशी बादली घेऊन उभा राहिला होता तो आश्रुबा होता. ही गोष्ट त्यानं सरजाबाईलाही कधी सांगितली नव्हती.

किसनराव आधी लालबुंद झाले. मग पोट धरून हसायला लागले. "म्हंजे विलायतंत पानी मी प्यालो म्हन की! आन् साऱ्या गावाला पाजलं ते बी म्याच!" आडावरचे लोक हसायला लागले. हसू ओसरल्यावर ते पुढं झुकले. "चल, तिथल्यासारखंच हितं. म्हन, मी किसनराव पाटील. आन् ने घागर भरून."

"आश्रुबामामा, म्हणू नका," गुरुजी कळवळून म्हणाले. "हा गुन्हा आहे. गंगाखेडला तहसिलीत जाऊ."

गंगाखेडला जाऊन यायला दिवस लागला असता. सरजाबाईजवळ दिवस नव्हता. आश्रुबानं घागरीकडे बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तो म्हणाला, "मी किसनराव पाटील."

घरी पाणी उकळून, निववून त्यानं चमच्यानं तिच्या तोंडात घातलं. चार-पाच चमचे पोटात राहिले तसे तिनं डोळे उघडले.

"आवो, फोटू दावला?"

"दावला."

"मंग?"

"मंग काय. बघून गप बसले. ने म्हनले पानी."

ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मी म्हनतच हुते. तुमीच उगं इतकी वर्सं भिंतीला टांगून ठुला."

दाराशी उभे असलेले गुरुजी मान खाली घालून निघून गेले.

घागर किती दिवस पुरणार? दुसऱ्या दिवशी सरजाबाईनंच त्याला उठवलं, फोटो पदरानं पुसून हातात दिला. तो गेला. ही गंमत बघायला आता आडावर गर्दी जमू लागली होती. किसनरावांनी नावाबरोबर बापाचंही नाव सांगायला लावलं. आश्रुबानं आपल्या बापाच्या जागी त्यांचा बाप सांगितला. तिसऱ्या दिवशी मोठ्यानं म्हणायला लावलं. पोहरा वर ओढताना आश्रुबा खाली बघत राहायचा. दोर सोडून आपणच आत जावं, असं त्याला फार वाटायचं. पण घरी बाई सावरत होती. तिच्या नखांना रंग येत होता, आणि ती आल्या-गेल्याला सांगत होती, की मेरीमायनं इतक्या लांबून पाणी दिलं.

चौथ्या दिवशी त्यानं लोकांकडे पाठ करून आडापाशी उभं राहून रोजच्यासारखं म्हटलं, "मी किसनराव पाटील, व्यंकटराव पाटलाचा ल्योक." या वेळी कुणी हसलं नाही. घागर भरून त्यानं मान वळवली. मागं सरजाबाई उभी होती. धुवट लुगडं नेसून, काठीला धरून, काखेत लहानशी कळशी घेऊन ती आपल्या नवऱ्याचा मान बघायला आली होती.

किसनरावांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ते म्हणाले, "ये सरजे. तू कोनाची ग?"

सरजाबाईनं नवऱ्याकडे बघितलं नाही. ती हळूहळू पुढं आली, घागरीला हात घातला आणि ती आडवी केली. भरलेली घागर. त्या साली बोरथडीत पाण्याचा थेंब सांडला तर माणसं एकमेकांना मारायला उठत होती. पाणी धुळीत पसरलं, बघता बघता जिरलं, आणि आडावरच्या बायांच्या तोंडून आपोआप "अगं बाई" निघालं.

"मी आश्रुबाची बायको," सरजाबाई म्हणाली आणि आडाच्या काठाला टेकून खाली बसली. तिच्यात उभं राहायचं बळ नव्हतं. "त्येची वाट बघायले. पाच वर्सं बघितली हुती, आजून बघते. आला म्हंजी सांगा मला."

आश्रुबाचा जीव फाटला. चार दिवस ज्या पाण्यावर तिला जगवलं ते तिच्या पायापाशी चिखल होऊन पडलं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती आता पाणी पिणार नाही, मरून जाईल पण पिणार नाही, हे त्याला कळलं. तिचा हट्ट त्याच्याइतका कुणाला ठाऊक होता?

त्यानं दोर हातात घेतला.

"ए," किसनराव बाजेवरून उठले. "आधी नाव सांग."

"आश्रुबा," तो म्हणाला. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाला. "आश्रुबा सटवाजी. बौद्धवस्ती, बोरथडी."

पोहरा खाली गेला. किसनराव ओरडले, दोघं-तिघं काठ्या शोधायला धावले. पुढं त्या काठ्या पडल्याच. आश्रुबाचा उजवा हात कोपरातून मोडला तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. वस्तीचं पाणी, काम, दुकान सगळं बंद झालं, आणि गुरुजींना गंगाखेडला किती खेपा घालाव्या लागल्या त्याला हिशेब नाही. पण माणसं काठ्या घेऊन येईपर्यंत एक पोहरा वर आला होता. आश्रुबानं तो कळशीत ओतला, गुडघे टेकून बायकोपुढं धरला आणि म्हणाला, "सरजे, आलो मी."