ठिपकीचं वजन

“साहेब, पोटुशी आहे ती,” बाबा म्हणाले.

“टाकीत नर नाही आणि पोटुशी? लग्न कधी लावलंस तिचं?”

साहेबांच्या विनोदावर शेजारी उभा असलेला टाक्यांचा पंपवाला मन लावून हसला.

“समुद्रातून आणली तेव्हाच भरलेली होती. अजून महिनाभर पाण्याबाहेर काढायची नाही. धसका घेतला की पिल्लं टाकते ही जात.”

“परवा उद्घाटन आहे. टाकीवरच्या पाटीवर वजन लागतं. जमत नसेल तर सांग, तुझ्या जागेवर पंपवाला कधीचा टपून बसलाय.”

मी बाबांचा डबा घेऊन आले होते, नऊ वर्षांची. मत्स्यालयातल्या टाक्या बाबा सांभाळत. ठिपकी ही पाकट जातीच्या मोठ्या माशाची मादी: फावड्यासारखं गोल डोकं, डोळ्यांवर काट्यांच्या ओळी, राखी पाठीवर पांढरे ठिपके. “पुढून चपटा पाकट, मागून शार्कसारखी मुशी,” ते आईला सांगत, “घडवणाऱ्याचं अर्ध्यात मन बदललं.” तिच्या बाळंतपणासाठी त्यांनी शेजारची टाकी घासूनपुसून ठेवली होती. घरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत आणि म्हणत, “एक तरी जगलं पाहिजे.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पाण्यात उतरले. दुसऱ्या कुणाला ती शेपटीचा तडाखा द्यायची. बाबांच्या हातामागून मात्र निमूट वजनाच्या झोळीत आली. पुढे कित्येक वर्षांनी, शेवटच्या आजारातही बाबा हेच बोलत राहिले, “तिनं मला ओळखायला नको होतं गं.”

पंपवाल्यानं कप्पीचा दोर ओढला. काटा स्थिरावायच्या आत ठिपकीचं अंग आखडलं आणि झोळीच्या कडेवरून पिल्लं ओल्या फरशीवर पडली. चार. वीतभर लांब, ठिपक्यांसकट.

“ब्याण्णव किलो,” साहेब म्हणाले. “ही आत होती तेव्हाचं धरू.”

बाबांनी तिला पाण्यात सोडलं आणि पिल्लं टबात घेतली. तीन उलटी झाली. चौथं कल्ले उघडत, मिटत राहिलं. साहेब वाकून बघू लागले.

“हे छान आहे. स्पिरिटच्या बरणीत घाल, दाराशी ठेवू.”

“जिवंत आहे, साहेब.”

“मग थांबू की. एवढी काय घाई आहे?”

त्यांनी खुर्ची मागवली. बाबांनी टबात तळहात घालून पिल्लाच्या डोक्याखाली धरला. आम्ही थांबलो.