बावन्न की चौसष्ट

माझाच कागद माझ्यासमोर वाचला जाणार आहे, हे मला न्याहारीच्या टेबलावर कळलं.

फेब्रुवारीतला दिवस. देशाच्या दक्षिण टोकाला, सेंट पीटर्सबर्गच्या हॉटेलात बाहेर लख्ख ऊन होतं आणि उत्तरेला आमच्या टोलेडोत फूटभर बर्फ. समोर ग्रेटा लिंडक्विस्ट बसली होती, आमच्या ग्लासमेन बेसबॉल संघाची जनरल मॅनेजर. वय एक्केचाळीस. बाविसाव्या वर्षी ती तिकीटखिडकीवर लागली, तेव्हापासून मी तिला ओळखतो. तिच्या बशीतली अंडी तशीच होती.

"हॉलिस, तुमचा ऑगस्टमधला अहवाल प्रॉक्टर वापरणार आहे," ती म्हणाली. प्रॉक्टर म्हणजे क्लबचा वकील.

"कुठला? एलीवरचा?"

"हो."

"अगं, तो मी एलीला वाचवायला लिहिला होता!"

"ठाऊक आहे मला."

एली म्हणजे एलिएसर काराबायो, आमचा कॅचर. व्हेनेझुएलाहून आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बॅटरच्या मागे उकिडवं कसं बसायचं, चेंडू हातमोज्यात कसा शांतपणे घ्यायचा, पुढच्या बेसकडे चोरून पळणाऱ्याला झटकन उठून चेंडू फेकून बाद कसं करायचं, हे मी त्याला धुळीच्या मैदानांवर शिकवलं. आता तो एकोणतीसचा. पगारावर त्याचं आणि क्लबचं जमेना, म्हणून प्रकरण लवादापुढे आलं होतं. त्याने चौसष्ट लाख डॉलर मागितले होते, क्लबने बावन्न लाख लिहिले होते. तीन पंच दोन्ही बाजू ऐकतात आणि यातला एकच आकडा निवडतात. मधला मार्ग नसतो.

"बारा लाखांसाठी पोराची अब्रू काढायची?" मी म्हणालो.

ग्रेटाने इकडेतिकडे पाहिलं. "ते बारा लाख कशासाठी हवेत, सांगू? दुसऱ्या कॅचरसाठी. मालकांकडून लिहून घेतलंय मी. आपण जिंकलो तर ते पैसे त्यालाच. तुम्हीच मागत होतात ना? एलीला आठवड्यातून दोन दिवस विश्रांती मिळेल. गुडघा टिकेल त्याचा."

"आणि हरलो तर?"

"तर यंदाही तो एकटाच."

आमचे सामने दाखवणारं चॅनेल गेल्या जूनमध्ये बुडालं होतं. वर्षाला साडेचार कोटी यायचे, त्यांचे एक कोटी दहा लाख झाले. तिकडे समुद्रकाठच्या एका मोठ्या क्लबचं स्वतःचंच चॅनेल आहे. आमचा सगळा संघ जेवढ्यात उभा राहतो, तेवढे त्यांना त्या चॅनेलमधून मे महिन्यापर्यंत मिळत असतील. त्यांच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळणारा तिसरा कॅचरदेखील एलीपेक्षा जास्त घेतो.

"मग हेच सांगा ना पंचांना," मी म्हणालो. "चॅनेल बुडालं, पैसे नाहीत."

"नियमात बसत नाही. क्लबच्या आर्थिक स्थितीबद्दल तिथे एक शब्द बोलायचा नाही. खेळाडूच्या खेळाबद्दलच बोलायचं."

"म्हणजे पैसे नाहीत असं म्हणता येत नाही, म्हणून तो वाईट आहे असं म्हणायचं."

"थोडा कमी चांगला आहे, असं," ग्रेटा म्हणाली आणि बशी बाजूला सारली.

सुनावणीच्या खोलीला खिडकी नव्हती. लांब टेबलाच्या एका टोकाला तीन पंच, मध्ये पांढऱ्या केसांच्या एक बाई. कायदा शिकवायच्या म्हणे. एका बाजूला आम्ही, समोर एली आणि त्याचा एजंट. एलीने निळा सूट घातला होता, मानेला घट्ट होणारा. मला पाहून तो हसला. "मास्तर! टाय लावलात?"

"मुलीने बांधून दिला," मी म्हणालो. तेवढंच.

आधी त्याची बाजू झाली. तासभर त्याच्या एजंटने एलीची वाहवा केली आणि एली टेबलाकडे बघत बसला. स्तुती ऐकताना तो नेहमीच लाजतो. मग प्रॉक्टर उठला. त्याचा आवाज मऊ होता, डॉक्टर वाईट बातमी सांगताना काढतात तसा.

"दोन वर्षांपूर्वी बेस चोरायला धावणाऱ्या शंभर जणांपैकी एकतीस जणांना मिस्टर काराबायो बाद करत होते. गेल्या वर्षी एकोणीस. हातून निसटलेले चेंडू आधी पाच, गेल्या वर्षी चौदा. हे आमचं मत नाही, आकडे आहेत. आणि ज्यांनी यांना घडवलं, त्यांचंच म्हणणं ऐका." त्याने कागद उचलला. "'एली उठायला उशीर करतोय. फेक खांद्यातून येतेय, पायातून नाही. आठव्या इनिंगनंतर तो मागे बसलेला असतो, खेळत नसतो.' सही, हॉलिस डेनिंग."

एलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो फक्त पाहत होता, एखादा शब्द नीट ऐकू आला नसावा तसा. त्याचे कान लाल झाले होते. मी टायची गाठ सैल केली.

प्रॉक्टर आणखी वीस मिनिटं बोलला. दुसऱ्या क्लबांतल्या कॅचरांची नावं, त्यांचे पगार, त्यांचे आकडे. मला त्यातलं एकही आठवत नाही. ग्रेटा पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती.

तो बसल्यावर मधल्या बाईंनी चष्मा वर केला. "या कागदाखाली 'पान एक, दोनपैकी' असं छापलंय. दुसरं पान कुठे आहे?"

"ते या मुद्द्याशी संबंधित नाही, मॅडम," प्रॉक्टर म्हणाला.

"ते मी ठरवेन. मिस्टर डेनिंग इथेच बसलेत. काय होतं हो दुसऱ्या पानावर?"

ग्रेटाने माझ्याकडे पाहिलं नाही. टोपण हातातच राहिलं. मला तिचं न्याहारीतलं बोलणं आठवत होतं: आठवड्यातून दोन दिवस विश्रांती. 'आठवत नाही' एवढंच म्हटलं असतं तर दुसरा कॅचर आला असता, एलीचा गुडघा वाचला असता. दहा वर्षांत मी या पोराला कितीतरी गोष्टी त्याच्या भल्यासाठी सांगितल्या नव्हत्या. आणखी एक काय जड होती?

पण तो अजूनही तसाच पाहत होता.

"पाठ आहे मला," मी म्हणालो. पाणी प्यायलो. "'जुलैमध्ये आपण दुसरा कॅचर दुसऱ्या क्लबला देऊन टाकला. तेव्हापासून एलीने सलग बत्तीस सामने खेळलेत. असं कुणी कुणाला खेळवत नाही. त्याचं कौशल्य कुठे गेलेलं नाही. आपण त्याला झिजवतोय.'"

पुढचं वाक्य डाव्या गुडघ्याचं होतं, दोनदा पाणी काढल्याचं. एलीने मान हलवली, अगदी इतकीशी. दोन वर्षांनी तो हव्या त्या क्लबकडे जायला मोकळा होणार होता आणि दुखऱ्या गुडघ्याच्या कॅचरला कोण विचारतं? मी थांबलो. प्रॉक्टरने पान गाळलं होतं, मी वाक्य गाळलं.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच."

"हा दुसरा कॅचर का दिलात?"

प्रॉक्टर ताडकन उभा राहिला. "हरकत आहे! हा क्लबच्या आर्थिक बाबींचा प्रश्न आहे."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "प्रश्न मागे घेते." त्यांनी चष्मा खाली घेतला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ग्रेटाने मला गाठलं. ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती हळू बोलली.

"एका 'आठवत नाही'ने काम झालं असतं, हॉलिस."

"आठवत होतं ना."

"मग आता मला सांगा, कॅचर कुठून आणू? त्या बुडलेल्या चॅनेलच्या भंगारातून?"

"तू मला घरी पाठव. माझा पगार वाचेल."

"तुमच्या पगारात त्याचे पॅडसुद्धा येणार नाहीत," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. हसता हसता तिचे डोळे भरले, तशी ती वळून निघून गेली.

एली पार्किंगमध्ये भेटला. कोट खांद्यावर टाकून भाड्याच्या गाडीला टेकून उभा होता.

"मास्तर, ते पहिलं पान पण तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो."

"'खेळत नसतो.' असं लिहिलंत."

"त्यांनी घाबरून माणूस आणावा म्हणून लिहिलं, एली."

"मला का नाही सांगितलंत? उशीर होतोय म्हणून? मी दुसऱ्या तऱ्हेने बसून पाहिलं असतं. काहीतरी केलं असतं."

"सांगितलं असतं तर तू आणखी जोर लावला असतास."

त्याने थोडा विचार केला. "लावला असता," तो म्हणाला. मग गाडीचं दार उघडून थांबला. "दुसरं पान वाचलंत ते बरं केलंत. पण पहिलं विसरायला मला वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता फोन आला. चौसष्ट.

दुसरा कॅचर आला नाही. एप्रिलमध्ये एली रोज खेळला, मेमध्ये रोज खेळला. सामना संपला की ट्रेनरच्या खोलीत बर्फाच्या पिशव्या बांधून बसायचा. माझ्याशी बोलायचा, पण कामापुरतं. जूनमधल्या एका दुपारी सरावात त्याने विचारलं, "आज उठायला उशीर होतोय का?" मी म्हणालो, "थोडा." तो म्हणाला, "कुठे? दाखवा." त्या दिवशी आम्ही तासभर उन्हात होतो. डाव्या पायावरचा भार कमी करून बसायची एक तऱ्हा आम्ही बसवली. चारच दिवसांनी त्याने एकाच सामन्यात तिघांना बाद केलं आणि डगआउटमध्ये येऊन माझ्या टोपीवर चापट मारली.

पण संघ खालून दुसरा होता. जुलैच्या अखेरीला ग्रेटाने त्याला त्या समुद्रकाठच्या क्लबला दिलं. बदल्यात चेंडू टाकणारे तीन तरुण पिचर आले, ज्यांची नावं टोलेडोत कुणी ऐकलेली नव्हती. त्या क्लबच्या डॉक्टरांनी एलीचा गुडघा यंत्रात घालून पाहिला आणि म्हणाले, चालेल, आमच्याकडे तो आठवड्यातून चारच दिवस खेळेल. त्यांना ते परवडतं.

बातमी आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. एली लॉकर रिकामं करत होता.

"त्यांच्याकडे कॅचरांचे तीन मास्तर आहेत म्हणे," तो म्हणाला.

"तीन? करतात काय तिघं?"

"एक तर नुसता व्हिडिओ बघतो. तुम्ही पण चला. चौथे व्हा."

"मला व्हिडिओत काही दिसत नाही."

"दिसतं तुम्हाला," तो म्हणाला. "म्हणून तर इतका त्रास झाला."

त्याने मला मिठी मारली. जोरात, बरगड्या दुखतील अशी. बॅग उचलली, दारात ग्रेटा उभी होती, तिच्याशीही हात मिळवला. ती काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. तो गेल्यावर ती बराच वेळ रिकाम्या लॉकरकडे बघत राहिली.

"आज कोण बसणार मागे?" मी विचारलं.

"खालच्या शिकाऊ संघातला लार्किन निघालाय. गाडी वाटेत आहे. सामन्याआधी तासभर मिळेल तुम्हाला."

"त्याचे गुडघे कसे आहेत?"

"चांगले आहेत," ग्रेटा म्हणाली. "अजून."

मी हातमोजा घेतला आणि मैदानाकडे निघालो.