सोनूबाईने न घेतलेला प्याला

मित्रांनो, हसनाबादच्या छोट्या चर्चमधल्या कपाटात एक जुना पितळी प्याला आहे, तो मी. १९८१ साली जालन्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली. तेव्हापासून प्रभुभोजनाचा द्राक्षरस माझ्यातूनच दिला जाई.

मला घासण्याचं काम गोजरबाईचं. दर शनिवारी चिंच लावून ती मला लख्ख करी. चर्चचे पाळक तातेराव सर्वांना सांगत, की मन असावं तर या प्याल्यासारखं. मला फार अभिमान वाटे. गोजरबाईलाही वाटत असावा. उपास, प्रार्थना, दान, कशातच ती मागे नव्हती. पण केदारखेड्याला दिलेल्या धाकट्या बहिणीशी, सोनूबाईशी, ती नऊ वर्षं बोलली नव्हती. आईच्या शेवटच्या आजारात सोनूबाई आली नाही, हा तिचा राग. निरोपच उशिरा पोचला, असं सोनूबाईने कितीदा कळवलं. गोजरबाईला ते पटलं नाही.

१९९३च्या उन्हाळ्यात सोनूबाई अंथरुणाला खिळली. तिला प्रभुभोजन द्यायला तातेराव निघाले. त्यांनी गोजरबाईला सोबत चला म्हटलं. तिने मला पुसून त्यांच्या पिशवीत ठेवलं आणि घरात कामं पडलीत म्हणून सांगितलं.

केदारखेड्याला तातेरावांनी मला सोनूबाईच्या ओठांपाशी नेलं, तर तिने हाताने अडवलं.

"आक्का येऊ द्या," ती म्हणाली. "दोघी संगंच घेऊत. माझ्या मनात काई न्हाई, तिला सांगा."

तातेरावांनी परत येऊन तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गोजरबाई पाळकांसोबत निघाली. तिने मला मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली. सोनूबाई पहाटेच गेली होती.

गोजरबाई बहिणीच्या उशाशी बसली. "सोने, मी आले ना गं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

त्यानंतर ती माझ्यातून कधीच प्याली नाही. मी हाती आलो, की मला तसंच शेजारी बसलेल्या बाईकडे देई. प्रभूने क्षमा केली आहे, असं तातेरावांनी खूप समजावलं.

"इतकी वर्सं घासून राह्यले," ती म्हणाली, "पन भाईरूनच."

१९९९ साली तीही गेली. आता चर्चमध्ये काचेचे छोटे प्याले आलेत आणि मी काळा पडलो आहे. माझी काळजी करू नका, मित्रांनो. पण कुणाविषयी मनात अढी धरून प्रार्थनेला बसला असाल, तर आधी उठा आणि त्याच्या दारी जा. प्रार्थना थोडी थांबेल. माणूस थांबेलच असं नाही.