परवाचं इंजिन

बी.एस्सी. झालेल्या शैलजाने परभणीच्या शिवरुद्रआप्पांच्या ट्रान्सपोर्टसाठी कॉम्प्युटरवर मालाचा प्रोग्राम लिहिला. पहिल्याच दिवशी पडद्यावर आलं, की वालूरच्या शेतकऱ्याला पोचवायचं डिझेल इंजिन अजून गोदामातच आहे. गोदामात तर इंजिनाचा मागमूस नव्हता.

“सटवाजी, कुठं विकलंस रे?” आप्पा ड्रायव्हरवर कडाडले.

“विकायला ते काय कोंबडं हाय का, आप्पा? परवा नेलं की!”

शैलजाने पडद्यावरची नोंद पुन्हा उघडली. आपल्या प्रोग्रामने भल्या माणसाला चोर ठरवलं की काय? मग ती ‘परवा’पाशी अडली. सकाळी माहिती भरताना सटवाजी एवढंच म्हणाला होता, “वालूरचं इंजिन परवा.” तिने पुढची तारीख टाकली होती, तो मागची सांगत होता!

तिने घाईघाईने वालूरच्या शेतकऱ्याला फोन लावला.

“इंजिन? चालू बी झालं. लय झ्याक पाणी ओढायलंय!”

शैलजाने मोकळा श्वास घेतला आणि ‘परवा’चा घोळ आप्पांना सांगितला.

आप्पा खजील होऊन हसले. “पोरी, तुज्या यंत्राला आदी मराठी शिकव.”

“आन् आमच्या आप्पाला,” सटवाजी म्हणाला, “आदी इचारायला.”

हसतहसतच शैलजाने तारखेच्या रकान्याआधी नवा प्रश्न घातला: नेलं, का न्यायचंय?